‘इ.स. 70 मध्ये ज्यू जगभर विखुरले’: फिरत्या मजकुराला कागदोपत्री उत्तर

व्हॉट्सॲपवर एक मजकूर बरीच वर्षं फिरतो आहे. त्याचा सारांश असा: ‘बाबिलोनच्या राजाने ज्यूंना गुलाम करून नेलं. सत्तर वर्षांनी इराणच्या सायरसने त्यांना सोडवलं आणि सगळे मायदेशी परतले. कुठेही गेले तरी ते इतरांत मिसळले नाहीत, जेरुसलेमच्या मंदिराशिवाय दुसरं मंदिर त्यांनी कधी बांधलं नाही, म्हणून ते टिकले. इ.स. 70 मध्ये रोमनांनी ते मंदिर पाडलं आणि एकूण एक ज्यू देशाबाहेर हाकलला. तेव्हापासून ते जगभर विखुरले आणि त्यातलेच काही कोकणच्या किनाऱ्याला लागले.’

मजकूर आदराने लिहिलेला आहे, हे मान्य. पण त्यात सहाशे वर्षांची माणसं गाळली गेली आहेत. परक्या साम्राज्यांत शेतं कसणारी, किल्ल्यावर पहारा देणारी, घरं विकत घेणारी, कर भरणारी ही माणसं होती. त्यांची खतं, पावत्या आणि अर्ज आज वाचता येतात. ते वाचल्यावर वरचा मजकूर पुढे पाठवणं योग्य वाटत नाही. एकेक विधान घेऊ.

‘बाबिलोनच्या राजाने गुलाम करून नेलं’

नेलं हे खरं. नबुखद्नेस्सरने इ.स.पू. 597, 586 आणि 582 अशा तीन खेपांत माणसं नेली. बायबलमधल्या यिर्मयाच्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात प्रत्येक खेपेचा आकडा आहे: 3,023, 832 आणि 745, एकूण 4,600. राजांच्या दुसऱ्या पुस्तकात पहिल्याच खेपेचा आकडा दहा हजार दिला आहे. कुठलाही धरला तरी ‘सगळे’ होत नाहीत. राजा, दरबारी, सैनिक, लोहार असे लोक नेले. द्राक्षमळे आणि शेतं सांभाळायला गरीब कुळं मागे ठेवली, हे बायबलच सांगतं.

नेलेल्यांचं काय झालं? बंदी राजा यहोयाखीन याला शाही कोठारातून तेल मिळत होतं. बाबिलोनच्या राजवाड्यात सापडलेल्या मातीच्या पाट्यांवर तो शिधा लिहिलेला आहे. इ.स.पू. 592 च्या पाटीवर ‘यहुदूच्या राजा’च्या (यहुदू म्हणजे यहुदा, जेरुसलेमभोवतीचं ज्यूंचं राज्य) पाच मुलांसाठी मिळून 2½ सिला तेल अशी नोंद आहे. म्हणजे मुलामागे अर्धा सिला. एक सिला साधारण लिटरभर.

सामान्य माणसांची गोष्ट त्याहून मोलाची आहे. दक्षिण इराकमध्ये निप्पूरच्या आसपास ‘आल-याहुदू’ नावाचं गाव वसलं. त्याचा अर्थ ‘यहुदाचं गाव’. त्या गावाच्या आणि शेजारच्या वस्त्यांच्या सुमारे 200 पाट्या उपलब्ध आहेत. सर्वांत जुनी इ.स.पू. 572 ची, म्हणजे जेरुसलेम पडल्यावर अवघ्या चौदा वर्षांची. सर्वांत अलीकडची इ.स.पू. 477 ची. या पाट्या उत्खननात नाही, तर पुरावस्तूंच्या बाजारातून बाहेर आल्या, ही त्यांची मोठी उणीव आहे आणि ती सांगितलीच पाहिजे. पण मजकूर स्पष्ट आहे: खंडाचे करार, खजूर आणि सातूची कर्जं, कराच्या पावत्या. एका पाटीवर बाबिलोनी कीलाक्षरांच्या जोडीला ‘शेलेम्या’ हे नाव हिब्रू अक्षरांत कोरलेलं आहे. रपा-यामाचा मुलगा अहिकाम आणि त्याचे पाच मुलगे अशा एका घराण्याचे व्यवहार तर पिढ्यांमागून पिढ्या दिसतात.

या वसाहतीमागचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. राजाकडे पडीक जमीन आणि कालवे होते, हात कमी होते. म्हणून परमुलखातून आणलेल्या लोकांना त्यांच्या गटानुसार एकत्र वसवलं आणि जमिनीचे वाटे दिले. त्या वाट्याला ‘धनुष्याची जमीन’ म्हणत: जो कसेल त्याने राजाला एक तिरंदाज द्यायचा, नाहीतर त्याबदली चांदी भरायची. मोठ्या वाट्यांवर घोड्याची किंवा रथाची चाकरी असे. जमीन विकता येत नसे, पण मुलांना मिळे आणि खंडाने देता येई. ही माणसं पूर्ण मोकळी नव्हती. गाव सोडून जाणं त्यांच्या हातात नव्हतं. पण बाजारात विकली जाणारी गुलाम ती नव्हेत.

अडचण व्हायची ती बी-बियाणं, बैल आणि पाण्यापायी. कर चांदीत मागितला जाई, हातात मात्र खजूर आणि सातू, तेही सुगीनंतर. मग सावकार. निप्पूरच्या मुराशू घराण्याचं दप्तर 1893 मध्ये सापडलं, त्यात इ.स.पू. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या सातशेहून अधिक पाट्या आहेत. हे घराणं चाकरदारांचा कर भरायचं, त्यांची जमीन खंडाने घ्यायचं आणि बैल-पाण्यासकट तीच पुन्हा कसायला द्यायचं. या पाट्यांत ‘याम’ने संपणारी ज्यू नावं ठिकठिकाणी येतात: कुठे कुळ, कुठे साक्षीदार, कुठे कारकून.

त्यातला एक करार जवळून पाहा. इराणी सम्राट दुसरा दारयवहू याच्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. 422 ते 421 च्या हिवाळ्यात, राजाचं बोलावणं आलं: उरुकला हजर व्हा. गदल-यामा नावाच्या ज्यू चाकरदाराच्या जमिनीत मुराशूंचा वाटा होता, म्हणून जायचं त्याने आणि सरंजाम द्यायचा मुराशू घराण्यातल्या रिमूत-निनुर्ताने, असं ठरलं. यादी अशी: एक घोडा, त्याचा साज, चिलखत, शिरस्त्राण, ढाल, 120 बाण, दोन लोखंडी भाले आणि वाटखर्चाला एक मिना (सुमारे अर्धा किलो) चांदी. पूर्वजांना धरून आणल्यावर कित्येक पिढ्यांनी एक ज्यू घोडेस्वार सम्राटाच्या हुकमाने निघाला होता. ‘गुलाम’ या एका शब्दात हे कुठे बसतं?

‘सायरसने सोडवलं आणि सगळे परतले’

सायरसने (बायबलमधला कोरेश) इ.स.पू. 539 मध्ये बाबिलोन घेतलं आणि परतीची परवानगी दिली, असं एज्राचं पुस्तक सांगतं. त्यात परतलेल्यांचा आकडा 42,360 आणि नोकरचाकर 7,337 असा आहे. पण वर उल्लेखलेल्या आल-याहुदूच्या पाट्या त्यानंतर साठ वर्षं आणि मुराशूंच्या शंभराहून अधिक वर्षं चालू आहेत. ज्यांच्याकडे जमीन होती, मुलंबाळं झाली होती, ते राहिले. बाबिलोनचा समाज तिथून पुढे हजार वर्षांहून अधिक काळ नांदला, आणि ज्यू धर्मशास्त्राचा सर्वांत मोठा ग्रंथ, बाबिलोनी ताल्मूद, त्याच समाजात तयार झाला.

सत्तर वर्षांचा हिशेबही जुळत नाही. इ.स.पू. 586 ते 538 ही 48 वर्षं होतात. सत्तर होतात ती मंदिर पाडल्यापासून नवं मंदिर उभं राहीपर्यंत, इ.स.पू. 516 पर्यंत.

या मुद्द्यासोबत सायरसच्या मातीच्या दंडगोलाचा फोटो हमखास जोडलेला असतो आणि खाली लिहिलेलं असतं, ‘ज्यूंच्या मुक्ततेचा पुरावा’. 1879 मध्ये बाबिलोनला सापडलेल्या त्या दंडगोलावर ज्यू, यहुदा किंवा जेरुसलेम यांचं नाव कुठेही नाही. मार्दुक देवाची स्तुती आणि मेसोपोटेमियातल्या देवळांच्या मूर्ती जागेवर परत पाठवल्याचा उल्लेख आहे. सायरसच्या सर्वसाधारण धोरणाचा तो पुरावा आहे, त्याहून जास्त त्याच्याकडून वदवून घेऊ नये.

‘मिसळले नाहीत, आणि दुसरं मंदिर कधी बांधलं नाही’

हे विधान सर्वांत जास्त चुकीचं आहे आणि त्याचं उत्तर सर्वांत सुंदर आहे, म्हणून इथे जरा थांबू.

इजिप्तच्या दक्षिण टोकाला, आजच्या अस्वानसमोर नाईल नदीत एलिफंटाइन नावाचं बेट आहे. (आपल्या घारापुरीच्या एलिफंटाशी याचा संबंध नाही.) त्याचं जुनं नाव येब. इराणी साम्राज्याच्या काळात तिथे ज्यू सैनिकांची शिबंदी होती आणि तिथे त्यांचं यहूचं, म्हणजे आपल्या देवाचं, मंदिर होतं. पुढे लिहिलेल्या अर्जात ते स्वतः सांगतात की सायरसचा मुलगा कंबुजिया याने इ.स.पू. 525 मध्ये इजिप्त जिंकलं त्याच्याआधीच हे मंदिर बांधलेलं होतं. एकाच जागी यज्ञ करावा ही बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातली आज्ञा त्यांच्यापर्यंत पोचली नव्हती, किंवा आपल्याला लागू आहे असं त्यांना वाटत नव्हतं.

बेटावरचे पपायरस अरामी भाषेत आहेत. ती साम्राज्याची कचेरीची भाषा होती. त्यांतलं एक खरेदीखत इ.स.पू. 437 चं आहे. यहूच्या मंदिराचा सेवक अनन्या आणि त्याची बायको तामेत, म्हणजे मूळची एका ज्यू माणसाची इजिप्शियन दासी. अनन्याने बगझुश्त नावाच्या कास्पियन (कास्पियन समुद्राकडच्या) सैनिकाकडून आणि त्याच्या बायकोकडून एक मोडकं घर 14 शेकेलना (शेकेल हे चांदीचं वजन) घेतलं. आपल्याकडच्या खतात असते तशी चतुःसीमा त्यात आहे: एका बाजूला शतिबराचं घर, एका बाजूला राजाचं कोठार, एका बाजूला रस्ता आणि रस्त्यापलीकडे यहूचं मंदिर, आणि एका बाजूला रस्ता व त्यापलीकडे ख्नूम देवाची वस्ती. इराणी राजाचं कोठार, ज्यू मंदिर, इजिप्शियन देवाचं आवार आणि कास्पियन विक्रेता, सगळे एका खतात. लिहून झाल्यावर असा कागद घडी घालून दोऱ्याने बांधत, मातीची मोहोर लावत आणि आत काय आहे ते बाहेर लिहून ठेवत, म्हणजे मोहोर न तोडता ओळखता यावं.

मिब्तह्या नावाच्या बाईचं दप्तर तर आणखी बोलकं आहे. तिच्या बापाने तिला घर लिहून दिलं. तिने एश्होर नावाच्या इजिप्शियन राजगवंड्याशी लग्न केलं. तो मागाहून नाथान या ज्यू नावाने दिसतो. लग्नाच्या करारात तिने आणलेल्या वस्तूंची किंमतीसह यादी आहे: कांस्याचा आरसा, आणि 8 हात लांब, 5 हात रुंद असं रंगीत काठांचं नवं लोकरी वस्त्र, किंमत 28 शेकेल. अनन्याच्या मोडक्या घराच्या दुप्पट! कापड किती महाग होतं ते यावरून कळतं. करारात पुढे लिहिलं आहे की दोघांपैकी कोणीही पंचायतीत उभं राहून ‘मला हा नको’ किंवा ‘मला ही नको’ असं म्हणू शकतं. ती म्हणाली तर तिने 7½ शेकेल भरायचे, तो म्हणाला तर त्याने दिलेलं वधूमूल्य बुडायचं. ती म्हणाली तरी आणलेलं सगळं घेऊन तिने हवं तिथे जावं. आणि इ.स.पू. 440 च्या एका मालमत्तेच्या तंट्यात याच मिब्तह्याने इजिप्शियन देवी सातीच्या नावाने शपथ घेतली. समोरच्याने ती मान्य केली आणि दावा सोडला.

एका वर्गणीच्या यादीत समाजाने माणशी दोन शेकेल दिले. जमलेल्या चांदीची वाटणी लिहिली आहे: यहूसाठी 12 कर्श 6 शेकेल, एशेमबेथेलसाठी 7 कर्श, अनाथबेथेलसाठी 12 कर्श (एक कर्श म्हणजे दहा शेकेल; नंतरची दोन्ही नावं इतर देवतांची). एका खापरीवरच्या पत्रात ‘यहू आणि ख्नूम तुझं कल्याण करोत’ असा आशीर्वाद आहे. यातून ते ‘बाटले’ होते असं काढणाऱ्यांनी त्याच बेटावरचं इ.स.पू. 419 चं पत्रही वाचावं. हनन्या नावाचा अधिकारी समाजप्रमुख येदन्याला कळवतो: निसान महिन्याच्या 15 ते 21 या दिवसांत (म्हणजे वल्हांडणाच्या सणात) आंबवलेलं काही खाऊ नका, आंबवलेलं पेय पिऊ नका, शुद्ध राहा. शेजाऱ्याच्या देवाचं नाव घेणारी आणि आपला सण काटेकोर पाळणारी माणसं एकच होती.

शेजार मात्र कायम गोड राहिला नाही. इ.स.पू. 410 च्या तम्मूज महिन्यात इजिप्तचा सुभेदार आर्शाम राजाकडे गेलेला असताना ख्नूमच्या पुजाऱ्यांनी स्थानिक अधिकारी विद्रंगाला हाताशी धरलं. विद्रंगाचा मुलगा नफैन फौज घेऊन आला. दगडी खांब फोडले, पाच दगडी दरवाजे पाडले, देवदाराचं छत जाळलं, सोन्याचांदीची भांडी नेली. कारणं एकात एक गुंतलेली होती: जागेचे वाद, परक्या इराणी सत्तेचे शिपाई म्हणून असलेला राग, आणि कदाचित ख्नूम हा मेंढ्याच्या मस्तकाचा देव असून पलीकडच्या मंदिरात मेंढे बळी दिले जात होते हेही.

पुढची तीन वर्षं समाजाने गोणपाट नेसून उपास केले आणि दारू-तेल सोडलं. जेरुसलेमला पहिलं पत्र गेलं. उत्तर आलं नाही. मग 25 नोव्हेंबर इ.स.पू. 407 रोजी त्यांनी यहुदाचा सुभेदार बगोही याला सविस्तर अर्ज लिहिला, आणि यहुदाच्या उत्तरेकडच्या शोमरोनचा सुभेदार सनबल्लट याच्या मुलांनाही कळवलं. उत्तर तोंडी निरोप म्हणून आलं आणि त्याची टिपण त्यांनी ठेवली: आर्शामला सांगा, मंदिर पूर्वीच्याच जागी बांधावं, त्यात अन्नार्पण आणि धूप करावा. पशुबळीचा शब्दही नाही. दुसऱ्या एका पत्रात पाच पुढारी स्वतःच लिहून देतात की मेंढा, बैल, बकरा यांचा होम करणार नाही, आणि परवानगी मिळाली तर वरिष्ठांना चांदी आणि हजार अर्दब (धान्याचं माप) सातू देऊ. इ.स.पू. 402 च्या एका खताच्या चतुःसीमेत यहूचं मंदिर पुन्हा दिसतं. ते बांधलं गेलं होतं.

इजिप्तमध्ये पुढे लिओंतोपोलिसला ओनियास घराण्याने दुसरं मंदिर बांधलं. ते रोमनांनी इ.स. 70 नंतर बंद केलं. म्हणजे ‘दुसरं मंदिर नाही’ हे विधान एकदा नव्हे, दोनदा खोटं ठरतं.

‘इ.स. 70 पासून विखुरले’

इथे फक्त तारखा ओळीने ठेवतो. इजिप्तचा ग्रीक राजा तिसरा टॉलेमी याच्या कारकिर्दीत (इ.स.पू. 246 ते 221) अलेक्झांड्रियाजवळच्या स्खेदियाच्या ज्यूंनी राजा-राणीच्या नावे प्रार्थनागृह अर्पण केलं, तो शिलालेख शाबूत आहे. इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या शेवटी सिरियाचा ग्रीक राजा तिसरा अँटिओकस याने पश्चिम तुर्कस्तानातली बंडखोरी मोडायला 2,000 ज्यू कुटुंबं नेऊन वसवली. घराला जागा, कसायला जमीन, द्राक्षमळा, पहिलं पीक येईपर्यंत धान्य, दहा वर्षं उत्पन्नावर कर माफ आणि आपल्या कायद्याने वागायची मुभा, अशा अटी पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसेफस देतो. ही कुटुंबं आली मेसोपोटेमिया आणि बाबिलोनमधून, जेरुसलेमहून नव्हे.

इजिप्तमधल्या हेराक्लिओपोलिसला इ.स.पू. दुसऱ्या शतकात ज्यूंची स्वतःची पंचायत होती. तिच्याकडे आलेल्या कागदांत फिलोतासची तक्रार आहे: वाग्दत्त वधू निकायाला तिच्या बापाने, रिवाजाप्रमाणे सोडचिठ्ठी न घेताच, दुसऱ्याला देऊन टाकलं. ग्रीक नावं, ग्रीक भाषा, सोडचिठ्ठीचा रिवाज मात्र मोशेच्या नियमशास्त्रातला.

आणि इ.स.पू. 59 मध्ये रोमच्या न्यायसभेत प्रसिद्ध वकील सिसेरो पश्चिम तुर्कस्तानचा माजी सुभेदार फ्लाकस याची बाजू मांडत होता. एक आरोप असा होता की दरवर्षी जेरुसलेमला जाणारं ज्यूंचं सोनं त्याने अडवून जप्त केलं: अपामियात शंभर रोमन पौंडांना थोडं कमी, लाओदिकियात वीसपेक्षा थोडं जास्त. प्रौढ पुरुषामागे वर्षाला अर्धा शेकेल या दराने इतकं सोनं जमायला किती माणसं लागतील याचा अंदाज वाचकाने करावा. जेरुसलेमचं मंदिर पाडणारा रोमन सेनापती टायटस याच्या स्वारीला तेव्हा सव्वाशेहून अधिक वर्षं अवकाश होता.

‘एकूण एक ज्यू हाकलला’

इ.स. 70 चा घाव भयंकर होता, तो कमी लेखायचं कारण नाही. जोसेफस त्या युद्धातल्या कैद्यांचा आकडा 97,000 देतो. पण देश रिकामा केला गेला असता तर इ.स. 132 मध्ये त्याच यहुदात बार कोखबाच्या नेतृत्वाखाली साडेतीन वर्षं रोमशी लढलं कोण? त्या बंडानंतर रोमन सम्राट हेड्रियनने जेरुसलेम आणि त्याच्या परिसरात ज्यूंना बंदी केली. ती बंदी त्या भागापुरती होती. समाज उत्तरेला गालीलमध्ये सरकला. उशा, सेफोरिस, तिबेरिया इथे त्यांच्या विद्यापीठांची केंद्रं झाली, आणि इ.स. 200 च्या सुमारास मिश्ना, म्हणजे ज्यू कायद्याचा संग्रह, तिथेच संकलित झाली.

सन 70 ने जगभरच्या ज्यूंचं खरोखर काय बदललं, ते एका पावतीवरून दिसतं. मंदिराला जाणारा अर्धा शेकेल रोमन सम्राट वेस्पासियनने रोमच्या जुपिटर देवळाकडे वळवला. आधी तो फक्त प्रौढ पुरुष भरत. आता बायका, तीन वर्षांवरची मुलं आणि दासही धरले गेले. वरच्या इजिप्तमधल्या एड्फूला खापऱ्यांवरच्या पावत्या मिळाल्या आहेत: माणशी वर्षाला 8 द्राख्मा 2 ओबोल (ही ग्रीक नाणी), शिवाय एक द्राख्मा जोडकर, एकूण 9 द्राख्मा 2 ओबोल. दोन मुलं आणि एक दास असलेल्या घराला एकाऐवजी पाच माणसांचा कर. एड्फूच्या या पावत्या इ.स. 116 मध्ये थांबतात. इ.स. 115 ते 117 मध्ये इजिप्त, किरेनी आणि सायप्रसच्या ज्यूंनी बंड केलं. ते चिरडलं गेलं आणि इजिप्तमधला हा भरलेला समाज जवळजवळ पुसला गेला.

‘त्यातलेच काही कोकणात आले’

कोकणातल्या ज्यूंची, म्हणजे बेने इस्राएलांची, परंपरा अलिबागजवळच्या नवगावला जहाज फुटल्याचं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्याचं सांगते. ते तेलाचे घाणे चालवू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून ‘शनवार तेली’. पण ही परंपरा स्वतःला सन 70 शी बांधून घेत नाही. तिचा एक प्रचलित धागा उलट मागे जातो: आपल्या पूर्वजांना हनुक्का हा सण माहीत नव्हता, म्हणजे तो ज्या घटनेची आठवण आहे, ते इ.स.पू. 164 चं जेरुसलेमच्या मंदिराचं शुद्धीकरण, त्याआधीच ते निघाले असावेत. या तर्कालाही मर्यादा आहे. दूर राहिलेल्या समाजात नवा सण पोचायला पिढ्या लागू शकतात. येबच्या शिबंदीला वल्हांडणाचे दिवसही पत्राने कळवावे लागले होते.